रिस्तानाच्या चुलीवरचा चंद्र

मेतोदियाचा राग म्हणजे काय विचारू नका. प्रिलेपच्या दवाखान्यात त्यानं जन्मभर एक्स-रे काढले आणि अख्ख्या गावाला एकच वाक्य ऐकवलं, "श्वास रोखा, हलू नका!" पुढारी आला काय, पाद्री आला काय, सूर तोच. कुणी हललंच तर खेकसायचा, "नाचायला आलात का इथं?" पण हाडातली केसाएवढी चीरसुद्धा त्याला दिसायची, हे त्याचे वैरीही कबूल करतील.

निवृत्त झाल्यावर त्यानं गच्चीवर दुर्बीण मांडली, तिला कॅमेरा जोडला आणि चंद्राची हाडं तपासायला घेतली. चंद्रावर एक सरळ भिंत आहे. अष्टमी-नवमीला तिच्यावर सकाळचं ऊन येतं आणि तिची सावली पट्टीनं ओढल्यासारखी काळीभोर दिसते. भिंतीशेजारी एक लहानसं विवर, आणि विवराच्या पलीकडे एक चीर. केसाएवढीच. ती फोटोत धरायची, बास, दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं. पण महिन्यातून एखादी संध्याकाळ मिळणार. वसंतात ढग, हिवाळ्यात घरोघरच्या धुराड्यांचा धूर, उन्हाळ्यात तापलेली कौलं. उरला सप्टेंबर. आणि सप्टेंबरात चंद्र खाली उतरून नेमका कुणाच्या अंगणावर यावा? रिस्तानाच्या!

रिस्ताना खालच्या घरातली. सप्टेंबर लागला की अंगणात पत्र्याची चूल पेटवायची, पोतंभर लाल ढोबळी मिरची भाजायची आणि वर्षाचा आयवार, म्हणजे त्या मिरच्यांची घट्ट चटणी, ढवळत बसायची. चुलीची धग वर जायची, हवा थरथरायची आणि दुर्बिणीत चंद्र रटरटायला लागायचा.

"रिस्ताना! विझव ती चूल! चंद्र उकळतोय इथं!"

"उकळू दे की! चवीपुरतं मीठ घाल!"

"अगं बये, तासभर थांब. तासभर!"

"तुझा चंद्र पुढच्या महिन्यात परत येतोय. माझ्या मिरच्या नासल्या तर तू येणारेस निवडायला?"

"हवा हलतेय, हवा!"

"मग सांग की तिला, श्वास रोखा, हलू नका!"

गल्लीतल्या खिडक्या खदाखदा हसायच्या. हा दार आपटून आत जायचा. सकाळी कुंपणावर आयवारची कोमट बरणी ठेवलेली असायची, आणि हा शिव्या देत देत पावाला लावून ती चाटूनपुसून संपवायचा. वर्षानुवर्षं हेच.

मग गल्लीला गळती लागली. आधी कोपऱ्यावरचा न्हावी जर्मनीला गेला. मग समोरची पोरं. मग पोरांची पोरं सांभाळायला त्यांचे आईबाप. जळली ती जर्मनी, माणसं गिळायची सवयच लागली तिला! यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी रिस्तानाचा मुलगा ब्लागोया गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"तूही?" मेतोदिया फाटकातूनच गरजला.

"नातू झालाय. सून कामावर जाते. त्याच्याकडं कोण बघणार?"

"आणि इथं कोण बघणार?"

"तू बघ की. दुर्बीण कुणाकडं आहे?" असं म्हणून तिनं अंगणाची किल्ली त्याच्या हातात कोंबली. "द्राक्षाच्या वेलाला पाणी घाल."

"मी काय तुझा माळी आहे?" एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली. गाडी उतारावरून गेली तेव्हा किल्ली मात्र मुठीत गच्च होती.

सप्टेंबर आला. अष्टमीला आभाळ स्वच्छ होतं. गल्लीत ना दिवा, ना धूर. मेतोदियानं दुर्बिणीला डोळा लावला आणि त्याचा स्वतःचाच श्वास अडकला. चंद्र दगडात कोरल्यासारखा स्थिर होता. भिंत, विवर आणि ती चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत! जन्माचा फोटो निघाला. तो कठड्याकडे धावला आणि सवयीनं ओरडला, "मिळाली! रिस्ताना, मिळाली चीर!"

एक खिडकी उघडेल तर शपथ.

मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलपं लागलेल्या दारांवर तो बरसला, "जन्मभर घसा फोडून सांगितलं, हलू नका! ऐकलं कुणी? गेले सगळे! हवा तेवढी ठेवून गेलेत माझ्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून पोतंभर मिरच्या आणल्या. संध्याकाळी रिस्तानाचं फाटक उघडलं, चूल पेटवली, मिरच्या पसरल्या आणि धापा टाकत आपल्या गच्चीवर चढला. चंद्र झक्कास उकळत होता. सरळ भिंत गांडुळासारखी वळवळत होती आणि चिरेचा पत्ता नव्हता. तो फोटो त्यानं जर्मनीला पाठवला. कालचा नाही, हाच. खाली लिहिलं, "बघ, वाटोळं केलंस माझ्या चंद्राचं."

लगेच फोन वाजला.

"मेल्या, माझी चूल पेटवलीस?"

"पेटवली! काय करणारेस?"

"आणि तू कुठंयस?"

"गच्चीवर!"

"अरे मुडद्या, करपतील ना त्या! खाली जा, उलट आधी!" मग तिचा आवाज जरा खाली आला. "किती आणल्यास?"

"पोतंभर."

"पोतंभर? कुणासाठी रे एवढ्या?"

"गल्लीसाठी!" मेतोदिया ओरडला.

फोन कानाला लावून तो तसाच उभा राहिला, आणि खाली मिरच्या करपत गेल्या.