चारशेवरचे अठ्ठावीस

कल्पना करा, तुमच्यापुढं बाराशे साठ फाइली आहेत. प्रत्येक फाइल म्हणजे शंभर प्रश्नांचा एक पेपर आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय: (अ), (ब), (क), (ड). तुम्हाला सांगितलंय की अ चा एक करा, ब चा दोन, क चा तीन आणि ड चा चार. रविवारच्या आत. एका पेपरात चारशे ठिकाणी हात लावायचा, असे बाराशे साठ पेपर. बदल पाच लाखांच्या वर जातात. सकाळी बसलात तर चहाला उठेपर्यंत तुम्ही पहिल्याच पेपराच्या सदतिसाव्या प्रश्नावर असाल.

लातूरच्या एका स्पर्धा परीक्षा अकादमीत पेपर टाइप करणाऱ्या सिंधुसमोर गुरुवारी सकाळी हेच काम येऊन पडलं. पडलं म्हणजे अक्षरशः. अकादमीचे मालक विरूपाक्ष सर आले आणि त्यांनी नव्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आदळला.

"सिंधुताई, खऱ्या परीक्षेसारख्या छापून घेतल्या. एक, दोन, तीन, चार. पोरांना सवय व्हायला पाहिजे."

"आणि आपले पेपर? ते तर अ, ब, क, ड हायत."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो." सर उदगीरचे. कठीण काम सांगताना ते फार गोड बोलत. "रविवारी लातूर आणि नांदेड, दोन्हीकडं मोठी सराव परीक्षा. मी सगळ्या जुन्या पेपरांतून प्रश्न उचलणार. कुठला उचलीन ते आत्ता सांगता येत न्हाई."

सिंधु नायगावची. बारावी झाल्यावर वडिलांनी तिला नांदेडला टायपिंगच्या क्लासला घातलं. रोज सकाळची एसटी, तासभर खडखड मशीन आणि दुपारी परत. लग्न होऊन ती लातूरला आली आणि दुसऱ्याच वर्षी या अकादमीत लागली. त्याला आता अठरा वर्षं झाली. इतके प्रश्न तिच्या बोटांखालून गेले होते, की स्टाफमधले म्हणत, ताई तलाठ्याच्या परीक्षेला बसल्या असत्या तर कधीच लागल्या असत्या. त्यावर ती म्हणे, "मला फक्त प्रश्न पाठ हायत. उत्तरं सरांच्या वहीत असतात."

तिला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. परीक्षा चालू असताना कधी कधी शिपाई वर्गावर्गांत जाऊन ओरडतो, 'प्रश्न क्रमांक अमुक, दुरुस्ती करून घ्या.' पोरं वैतागतात, खोडाखोड करतात, पाच मिनिटं जातात. सिंधुच्या पेपरासाठी शिपायाला अठरा वर्षांत एकदाही उठावं लागलं नव्हतं. रविवारी तो उठेल का, एवढीच तिला धास्ती होती.

अकादमीची वेबसाइट सांभाळायला ऋतुजा नावाची मुलगी होती. इंजिनिअर, तेवीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिनंच सगळे पेपर साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेतले होते. काम ऐकून ती हसली.

"ताई, हाताला कशाला त्रास देता? जावास्क्रिप्टची एक लायब्ररी आहे, म्हणजे आयता लिहून ठेवलेला प्रोग्राम. कुठल्या फाइली, काय शोधायचं, त्याच्या जागी काय घालायचं, तेवढं लिहायचं. बाकी ती करते."

"मग तू लिही."

"मी न्हाई. तुम्ही लिहा. मी बाजूला बसते."

ऋतुजा सांगत गेली तसं सिंधुनं लिहिलं. बारा ओळी झाल्या आणि त्यातल्या तीन ऋतुजानं दुरुस्त केल्या. पण एंटर दाबायच्या आधी सिंधुचा हात थांबला. "आधी हात न लावता सांगती का ही बाई, काय करणार हाय ते?"

सांगते, ऋतुजा म्हणाली. 'ड्राय' असा एक शब्द घातला की लायब्ररी फाइलीला शिवत नाही, कुठल्या फाइलीत किती ठिकाणी बदल होईल तेवढा आकडा देते. ही गोष्ट सिंधुला फार आवडली. न शिवता सांगणारी माणसं तिला सबंध जन्मात थोडीच भेटली होती.

पहिल्या फेरीला प्रत्येक फाइलीसमोर आकडा आला, चार.

"शंभर प्रश्न आणि बदल चार?"

ऋतुजानं कपाळावर हात मारला. सगळीकडं बदल, असं सांगणारं अक्षर राहून गेलं होतं, त्यामुळं लायब्ररी पहिला अ, पहिला ब, पहिला क, पहिला ड बदलून गप्प बसत होती. ते अक्षर घातलं आणि पुन्हा फेरी मारली. आता आकडे भराभर आले. चारशे, चारशे सोळा, चारशे अठ्ठावीस, चारशे आठ.

"झालं!" ऋतुजा म्हणाली. "काढा तो ड्राय."

"थांब गं. शंभर प्रश्नांचे चारशे पर्याय. हे वरचे अठ्ठावीस कुठून आले?"

"ताई, मशीन मोजायला चुकत न्हाई."

"मशीन न्हाई चुकलं. आपण चुकलाव." सिंधुनं ती फाइल उघडली आणि खाली सरकवत गेली. बाविसाव्या प्रश्नावर तिचं बोट थांबलं. "हे बघ. जोड्या लावा."

डाव्या रांगेत (अ), (ब), (क), (ड) आणि उजव्या रांगेत (1), (2), (3), (4). लायब्ररीनं डावी रांगही बदलली असती. दोन्हीकडं एक ते चार, आणि खाली पर्यायांत 'अ-3, ब-1'. पोरांनी कशाची जोडी कशाला लावायची? पेपरात असे सात प्रश्न होते. सात चोक अठ्ठावीस.

ऋतुजानं दोन्ही रांगा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, "दोन्ही अ सारखेच दिसतात. लायब्ररीला फरक कसा सांगायचा?"

सिंधुनं खुर्ची मागं घेतली. फरक होता, आणि तो तिच्याच बोटांत होता. पर्याय ती नेहमी नव्या ओळीच्या सुरुवातीला टाइप करायची. जोड्या लावताना मात्र आधी टॅब द्यायची, रांग सरळ दिसावी म्हणून. अठरा वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

"लिही. ओळीच्या अगदी सुरुवातीला असंल तरच बदल."

ऋतुजानं खूण घातली, फेरी मारली. चारशे, चारशे, चारशे. सरळ रांगेत नऊशे नऊ फाइली. सिंधुला नायगावच्या शाळेत पाढे म्हणताना व्हायचा तसा आनंद झाला. मग मध्येच दोनशेचे आकडे लागले, एकाखाली एक, तीनशे दहा फाइलींसमोर.

सिंधु खो खो हसली. "हा हरिओम हाय!"

हरिओम म्हणजे तिच्या शेजारी आठ वर्षं बसलेला ऑपरेटर. कागद वाचवायला तो एका ओळीत दोन पर्याय बसवायचा, मध्ये टॅब देऊन. यावरून दोघांची रोज भांडणं व्हायची. आता त्याचं इस्लापूरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. तिनं फोन लावला.

"हाव ताई! काय करून राहिल्या?"

"तुझी घाण उपसून राहिले. हरिओम, जोड्या लावताना तू पुढं टॅब देत होतास का?"

"न्हाई. स्पेस. मोजून चार."

"देवाशप्पथ?"

"तुम्हीच तर शिव्या देत होत्या, अडाण्यासारखा स्पेस का ठोकतो म्हणून. मंग मुद्दामच ठोकत राहिलो." तो हसला. "का, लई नुकसान झालं का?"

"न्हाई रे. तुझ्या मुद्दाममुळं वाचलो."

हरिओमच्या फाइलींसाठी दुसरी खूण झाली: ओळीची सुरुवात, नाही तर टॅब. जोड्यांच्या आधी स्पेस असल्यानं त्या यातून सुटत होत्या. आता त्याही तीनशे दहा फाइली चारशेवर आल्या. एकाच कामाला दोन खुणा, एक सिंधुच्या हाताची आणि एक हरिओमच्या. ऋतुजा म्हणाली, कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. सिंधु म्हणाली, कसं शिकवतील, हरिओम तिथं कुठं होता?

तरी एक्केचाळीस फाइली उरल्या. त्यांच्यासमोर शून्य. सिंधुनं त्या वेगळ्या काढल्या, बाकीच्यांची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवली आणि मगच ड्राय हा शब्द पुसला. बाराशे एकोणीस फाइली बदलायला वेळ लागला तो फक्त पाण्याचा ग्लास भरून आणण्याइतका.

शुक्रवारी तिनं उरलेल्या एक्केचाळीस फाइली हातानं बदलल्या. शनिवारी पेपर छापून झाला. रविवारी अकरा वाजता ती लातूरच्या वर्गांबाहेरच्या बाकावर बसली. शिपाई तिच्या शेजारीच होता, चपला काढून, मोबाइल बघत. नांदेडच्या शाखेत ऋतुजा गेली होती. दीड तासानं तिचा मेसेज आला, 'इथं कुणी उठलं नाही.' लातूरचा शिपाई तर घंटा द्यायलाच उठला.

विरूपाक्ष सरांनी पेढे मागवले. सिंधुनं एक खाल्ला, दुसरा पदरात बांधला आणि सरांना विचारलं, "सर, एक सांगा. त्या एक्केचाळीस फाइली कुणी टाइप केल्या?"

"तुम्हीच की. न्हाई तर हरिओमनं."

"हरिओम म्हणतो, मी आलो तवा त्या होत्याच. आणि हा हात माझा न्हाई. प्रत्येक पर्यायाच्या आधी एक टिंब हाय. म्हणून तर खुणेत बसल्या न्हाईत. दर प्रश्नानंतर एक ओळ मोकळी. एक्केचाळीस पेपरांत एक चूक सापडली न्हाई मला."

सर विचारात पडले. सुरुवातीला एकच खोली होती, म्हणाले. एक कॉम्प्युटर, तोही जुना. येणारे जाणारे खूप होते. "टाइप करणारा मी तर न्हवतो. मला आजही दोन बोटांनी येतं."

सोमवारी सिंधुनं त्यातली एक फाइल पुन्हा उघडली, काही काम नसताना. टिंब, मग कंस, मग पर्याय. शंभरच्या शंभर प्रश्न तसेच, कुठंही घाई नाही. इतक्या नेमानं टाइप करून, नाव न ठेवता निघून गेलेलं हे माणूस होतं तरी कोण?