आभारासाठी वळलेली मान

माझी थोरली बहीण व्हर्नेल हिने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. मक्याचा पाव आणि शेंगांची भाजी वाढताना ती प्रत्येक मुलाला नावाने हाक मारी, आणि आभार न मानणाऱ्याचे ताट तसेच हातात धरून ठेवी. उत्तर कॅरोलिनातल्या आमच्या गावात याला वळण म्हणतात. या वळणानेच तिचा घात केला आणि न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

शाळेसमोरच्या रस्त्याला एका दिशेने दोन पदर आहेत. रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आहेत, सिग्नल नाही. अपघाताच्या सकाळी अलीकडच्या पदरातला एक ट्रकवाला थांबला आणि त्याने हाताने तिला ‘या’ अशी खूण केली. कोणी असा थांबला, तर आमच्याकडे पायी माणूस त्याच्या डोळ्यांत पाहतो, हात वर करतो, मान लववतो आणि लगबगीने पुढे होतो. व्हर्नेलने हे सारे यथासांग केले. तिचा चेहरा अजून ट्रकवाल्याकडेच होता, तोच पलीकडच्या पदरातून केट्स नावाच्या गृहस्थाची गाडी तिच्यावर आली आणि तिची कंबर मोडली.

पट्ट्यांपाशी थांबलेल्या वाहनाला मागे टाकून पुढे जाणे बेकायदा आहे. केट्सचा दोष शेंबडे पोरही सांगेल. परंतु आमच्या राज्याचा कायदा तेवढ्यावर थांबत नाही. पायी चालणाऱ्याचा स्वतःचा दोष शंभरातला एक अंश जरी निघाला, तरी त्याला काहीही मिळत नाही. बहुतेक राज्यांनी हा नियम केव्हाच टाकून दिला. तिथे दोषाच्या प्रमाणात भरपाई कापतात. आम्ही मात्र तो जिवापाड जपला आहे. कमरेवर दुसरी शस्त्रक्रिया झाली तरच व्हर्नेल पुन्हा उभ्याने काम करू शकणार होती, आणि भरपाई मिळाली तरच ती शस्त्रक्रिया होणार होती.

तिने केट्सवर भरपाईचा दावा लावला. साक्षीपूर्वी तिचे वकील हॉबगूड आम्हाला बाजूला घेऊन गेले.

“व्हर्नेलबाई, समोरची वकील फिरून फिरून एकच विचारणार. दुसऱ्या पदरात पाय टाकताना तुम्ही कुठे बघत होतात?”

“त्या ट्रकवाल्याकडे. बिचारा माझ्यासाठी थांबला होता.”

हॉबगूडांनी टायची गाठ सैल केली. “काय बोलायचं ते मी सांगू शकत नाही. नीट आठवा, एवढंच म्हणतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून तरी माणूस पलीकडे बघतोच.”

“मी नाही बघितलं.”

“अगं, बघितलं असशील,” मी म्हणालो. “नाहीतर आठवत नाही म्हण. त्यात कसलं आलंय खोटं?”

“पण मला आठवतंय ना, थर्मन. त्याची टोपीसुद्धा आठवते. लाल होती, नि मळकी.”

“टोपीचं कुणी विचारलंय?”

“आठव म्हणालात, म्हणून आठवलं.”

केट्सची वकील, प्रुइट नावाची तरुण बाई, लाघवी होती. तिने आधी व्हर्नेलच्या पाठीला उशी मागवली.

“ट्रकवाल्यानं वाट दिली, तेव्हा तुम्ही त्याचे आभार मानलेत?”

“हो तर. नसते मानले तर आई थडग्यातून उठून आली असती.”

ज्यूरीतली माणसे हसली. हॉबगूड हसले नाहीत.

“खरंय. म्हणजे त्याच्याकडे बघून हात केलात. मग त्याच्या बॉनेटसमोरून पुढे होऊन दुसऱ्या पदरात पाय टाकलात, तेव्हाही त्याच्याकडेच बघत होतात?”

व्हर्नेलने माझ्याकडे पाहिले. मी तिच्यावरची नजर ढळू दिली नाही. ‘आठवत नाही’ एवढ्या दोन शब्दांवर तिची कंबर अवलंबून होती.

“हो,” ती म्हणाली. “तो अजून हसत होता. मान फिरवणं बरं दिसलं नसतं.”

“आणि येणाऱ्या गाडीकडे?”

“नाही बघितलं.”

प्रुइटबाईंनी आभार मानले आणि त्या खाली बसल्या.

ज्यूरी बराच वेळ आत होती. त्या बंद दारावरून माझे डोळे हलेनात. निकाल आला. केट्सच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली का? होय. वादीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा त्यात भाग होता का? होय. भरपाईचा तिसरा प्रश्न अनुत्तरित ठेवला होता.

बाहेर आल्यावर ज्यूरीतली एक पोक्त बाई हसतमुखाने व्हर्नेलपाशी आली. “मग? ऑपरेशन कधी करताय?”

“कशाचं ऑपरेशन, बाई?”

“कंबरेचं. थोडे पैसे कापतील, पण आम्हा सगळ्यांचं एकमत होतं, चूक त्या माणसाचीच. तुमची अगदी जराशी. दुसऱ्या प्रश्नाला ‘होय’ म्हटल्यावर पुढचं लिहू नका म्हणाले, तेव्हा वाटलं आकडा जजसाहेब काढणार.”

हॉबगूडांनी तिला हलक्या आवाजात खरे ते सांगितले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आम्हाला कुणी सांगितलं का नाही हो?”

कारण काय घडले एवढेच ज्यूरीने ठरवायचे असते. त्या उत्तराने कोणाचे काय होईल, हे तिला सांगत नाहीत. या अज्ञानाला निःपक्षपातीपणा म्हणतात.

ती बाई भिंतीला टेकून रडू लागली. जिला काठीशिवाय उभे राहता येत नव्हते, ती माझी बहीण तिची पाठ थोपटत म्हणाली, “अहो, तुम्हाला कुठं ठाऊक होतं? उगी राहा.”

मी हॉबगूडांना अपिलाचे विचारले.

“कशाच्या जोरावर, थर्मन? व्हर्नेलबाईंनी स्वतःच सांगितलंय, बघितलं नाही म्हणून.”

व्हर्नेल पुन्हा कामावर गेली नाही. केट्स अजूनही त्याच रस्त्याने गाडी चालवतो.