चिखलात कमावलेले पाय

केनवडात कुणाचीही कापसाची गाडी भरायची असली की आधी जगदेवला बोलावणं जायचं. तो गाडीत चढला की चाकांचा आस असा करकरायचा, की घरातली बाई चुलीपासून न उठता म्हणायची, "चढला वाटते जगदेव."

ज्यानं कापसाची गाडी भरताना पाहिली नाही, त्याला एवढं सांगायला हवं. गाडीला चारी बाजूंनी बांबू बांधतात, आतून गोणपाट लावतात आणि वरून कापूस ओततात. कापूस मोठा लबाड! गाडी भरली भरली म्हणावं, तर आत नुसती हवा. म्हणून तो पायांनी तुडवावा लागतो. दोन पोट्टे सकाळपासून नाचून जेवढा दाबणार नाहीत, तेवढा जगदेव नुसता उभा राहून, पान चघळत दाबायचा. मग तुडवणाऱ्यानं भरल्या गाडीच्या टोकावर बसायचं, रिसोडच्या बाजारापर्यंत मिरवत जायचं आणि गाडीवाल्यानं त्याला जिलेबी खाऊ घालायची, असा शिरस्ता. वर्षभर ज्याला "हत्ती आला, भिंती सांभाळा" म्हणून चिडवायचं, त्यालाच हंगामात राजासारखं वर बसवायचं. लोकांचं असंच असते बापा!

जगदेव चाळिशीच्या आतबाहेरचा. थोडं कोरडवाहू रान, बायको तुळसाबाई, आणि एक लेक, ती लग्न होऊन अनसिंगला नांदत होती. चिडवलं की सगळ्यांच्या आधी तोच हसायचा. पण खरं सांगायचं तर त्या गाडीच्या टोकासाठीच तो वर्षभर सगळं हसण्यावारी नेत होता.

पुढे त्याला चार पावलांवर धाप लागू लागली. गुडघे बोलू लागले, झोपेत श्वास अडकू लागला. रिसोडच्या डॉक्टरनं तपासलं तर रक्तात साखर. "हे वजन उतरव," डॉक्टर म्हणाला, "नाही तर पुढच्या खेपेला गाडीवर नाही, चौघांच्या खांद्यावर जाशील." जगदेवचा बापही असाच जाडजूड. वखर हाकता हाकता दम खायला म्हणून शेताच्या धुऱ्यावर बसला, तो उठलाच नाही. जगदेवला ते आठवलं आणि तो घाबरला. घाबरलेल्या माणसाला मधेच थांबणं ठाऊक नसतं. डॉक्टरनं गोडधोड आणि भात सोडायला सांगितलं, यानं जेवणच सोडलं. सकाळी ताक, संध्याकाळी अर्धी भाकर अन् अंबाडीची भाजी. कामही टाळायचा, का तर काम केलं की भूक लागते! तुळसाबाई बोलून बोलून थकली.

वर्ष सरता सरता माणूस निम्मा झाला. साखर उतरली, धाप गेली, झोप लागू लागली, यात काही खोट काढता येणार नाही. पण दंडाची, पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबू लागली, आणि भरली बादली उचलताना हात थरथरायचे. गावानं तर निदानही करून टाकलं. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे क्षय. उचलली जीभ लावली टाळ्याला!

सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हातात घेतल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळी झाली, वेचणी लागली, आणि जगदेवचा लहानपणचा सोबती उकंडराव यानं सवयीनं त्यालाच हाक मारली. जगदेव खुशीत गेला. पूर्वी त्याला वर चढवायला दोघं लागायचे, आज तो आपला आपण चढला आणि कापसावर उभा राहिला.

कापूस दबलाच नाही. आसही करकरला नाही. जगदेवनं एक उडी मारली, दुसरी मारली, मग पिंढऱ्या अशा लटपटल्या की तो मटकन खालीच बसला. पोट्टे खदाखदा हसले. उकंडराव मात्र हसला नाही, आणि तेच जगदेवला जास्त लागलं.

"राहू दे जगदेव," तो खालून म्हणाला. "तुले झेपत नाही. उतर खाली. अरे, गोपीचंदले बोलवा रे कोणी!"

गोपीचंद म्हणजे गावातला किराणा दुकानदार. वय तिशीचं, पण गुळाच्या ढेपेशेजारी बसून बसून तिच्यासारखाच झालेला. तो आला, चढला, आस करकरला, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. जगदेव घरी आला तो थेट चुलीपुढे बसला.

"तुळसे, पुरणपोळ्या कर. वरून तूप वाढ. उद्यापासून मी पहिल्यावाणी खातो."

"काहून?"

"काहून म्हणजे? इतके वर्स लोक मले बोलावत नव्हते, माह्या वजनाले बोलावत होते. वजन गेलं, मीबी गेलो. असं जगून काय करू?"

भाकर थापता थापता तुळसाबाईचा हात थांबला, आणि मग ती जी भडकली! "तुमी तिकडं वर बसून मिरवत होते. अन् घरी झोपेत तुमचा श्वास बंद पडे, तवा मी तुमच्या छातीवर हात ठेवून बसत होती, परत सुरू होते का नाही म्हणून! तुमाले गाडी पाहिजे. मले माणूस पाहिजे." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

डोळे पुसून तिनं भाकर तव्यावर टाकली. "अन् उपाशी राहून कोणाले ताकद आली वो? आपला पवळ्या आठवते का? चारा नव्हता तवा तो वाळला. वाळून त्यानं गाडी ओढली का? मंग आपण त्याले पेंडीची ढेप चारली, सरकी चारली, अन् रोज थोडं थोडं जू मानेवर देल्लं, तवा त्याचा खांदा भरला. नुसतं खाऊ घालून बांधून ठेवला असता तर पोट सुटलं असतं त्याचं. तुमाले बैलाचं समजते, आपलं सोताचं समजत नाही."

पुरणपोळ्या काही झाल्या नाहीत. त्या दिवशी ताटात अख्खी भाकर आली, तुरीचं घट्ट वरण आलं, घरच्या कोंबडीचं अंडं आलं. जगदेव भीत भीत जेवला.

गोठ्याची मागची भिंत पावसाळ्यात बसली होती. उन्हाळा लागल्यावर तुळसाबाईनं अंगणात माती ओढली, त्यात कुटाराचा भुसा मिसळला, पाणी सोडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुडवायची लय हौस हाय ना? हे तुडवा."

कापसात पाय आपोआप जातो. चिखलात जातो तसा तो बाहेरही काढावा लागतो, आणि चिखल काही सहज सोडत नाही. पहिल्या दिवशी जगदेव गोठ्याच्या खांबाला धरून चार पावलं चालला अन् बसला. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा आखडल्या की त्याला ओट्यावरून उतरता येईना. तुळसाबाईनं कोमट पाणी ओतलं, भिजवलेले हरभरे पुढ्यात ठेवले, आणि पुन्हा चिखलात धाडला. गोठ्याची भिंत उभी राहिली. मग ज्याच्या घरी भिंत, त्याच्या घरी जगदेव, असं सुरू झालं. काम करून भूक लागली की आता तो घाबरत नसे, पोटभर जेवायचा.

पावसाळ्याच्या तोंडी तो गोपीचंदच्या दुकानात, हिवाळ्यात बसला होता त्याच मोठ्या काट्यावर पुन्हा बसला. गोपीचंदनं मापं टाकली, काढली, अन् हसत सुटला. "अबे जगदेव, हिवाळ्यात होतं तेवढंच हाय! सारा उन्हाळा चिखलात वाया गेला तुहा."

जगदेव तोंड पाडून घरी आला. तुळसाबाईनं त्याला उजेडात उभं केलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं. "करदोडा घसरून राह्यला कंबरेवरून," ती म्हणाली, "अन् सदऱ्याच्या बाह्या दंडाले दाटून राह्यल्या. काट्याले काय समजते चरबी कोणती अन् मांस कोणतं?" जगदेवनं आपला दंड दाबून पाहिला. खरंच, आत काहीतरी टणक होतं. पोटावरची लोंबती कातडी मात्र तशीच राहिली. ती पुढेही कधी पुरती गेली नाही, पण तिचं त्याला फारसं वाटेनासं झालं.

पुन्हा कापूस आला. जगदेवला कुणी बोलावलं नाही. गावाला आता गोपीचंदची सवय झाली होती, आणि गोपीचंद गेल्या सालापेक्षाही फुगला होता. उकंडरावची गाडी भरत होती तेव्हा जगदेव रानातून येत होता. जावं निघून, असं मनाशी म्हणत तो थांबलाच. वर गोपीचंद उभा. खालून लोक ओरडत होते, "दाब बे गोपीचंद, दाब!" आणि त्या गोंगाटातून जगदेवला गोपीचंदचा श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा, मधेच तुटणारा. ओठही काळे-निळे पडले होते. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. बाकी कुणाला काही कळलं नव्हतं.

न बोलावता वर चढायचं म्हणजे पुन्हा सगळ्या गावाचं हसू. गेल्या सालचं ते मटकन बसणं त्याच्या अजून अंगावर येत होतं. तरी त्यानं चाकावर पाय ठेवला.

"तू कायले आला बे?" गोपीचंद धापा टाकत म्हणाला.

"बस तू जरा. मी तुडवतो."

गोपीचंद पुढच्या बांबूला टेकून बसला. जगदेवनं उड्या मारल्या नाहीत. कोपऱ्यातून सुरुवात केली, टाच रोवून, गुडघा उचलून, कडेकडेनं, जसा चिखल तुडवायचा तसा. पहिल्यांदा पोट्टे हसले. मग हसता हसता कंटाळले. जगदेव थांबेचना! कापूस खाली जात होता, वरून टोपल्या रित्या होत होत्या, ऊन कलत होतं, आणि तो आपला या बांबूपासून त्या बांबूपर्यंत फिरत होता. शेवटी गाडी अशी भरली की उकंडरावनं बाहेरून गोणपाटावर थाप मारून पाहिली.

"बस जगदेव टोकावर," तो म्हणाला. "तुही जागा हाय ते."

याच जागेसाठी जगदेव मरायलाही तयार झाला होता. त्यानं एकदा त्या टोकाकडे पाहिलं. मग गोपीचंदकडे पाहिलं. एवढा वेळ बसूनही त्याचा घाम वाळला नव्हता.

"मी पायी येतो," जगदेव खाली उतरत म्हणाला. "गोपीचंद, तूबी उतर. नाल्यापर्यंत तरी चाल माह्यासंगं."

"येडा झाला का? लोक हसतीन."

"हसतीन ना. मले नाही हसले? पण तू आज घरी जाऊन बायकोले विचारजो, झोपेत तुहा श्वास बंद पडते का."

गोपीचंदनं टोला हाणायला तोंड उघडलं. मग तो खाली पाहून हळूच म्हणाला, "विचारा कायले लागते? ते बिचारी रोज रडते."

तो चाकाला धरून, बूड टेकत, कसाबसा उतरला. गाडी रिकाम्या टोकानं पुढे निघाली, आणि मागून हे दोघं. वाटेत गोपीचंद जिथं जिथं दम खायला थांबला, तिथं तिथं जगदेवही थांबला.