भुसावळकडे जाणारी गाडी

नानांच्या घरी सांत्वनाला जळगावला जाताना मी पुण्याहून केळी घेऊन गेलो. चांगली दोन डझन. रिकाम्या हाताने जायचं नाही एवढंच डोक्यात होतं. ज्या मुलखात केळीच्या बागा बघत अर्धं आयुष्य काढलं, तिथे केळी न्यायची नसतात, हे पाचोरा मागे पडल्यावर खिडकीबाहेर ती लांब फाटकी पानं हलताना दिसली तेव्हा लक्षात आलं. पिशवी बाकाखाली मुकाट्याने पिकत होती.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती आत नेली. आत कोपऱ्यात नानांच्या यावलच्या शेतातला अख्खा घड टेकवून ठेवलेला होता. नानांना जाऊन महिना होऊन गेला होता. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. “नाना गेले,” तो म्हणाला, आणि मी विचारलं, “कुठे?” नाना कायम कुठेतरी गेलेलेच असत, हा माझा बचाव. पलीकडे तो पोरगा रडता रडता हसला, मग पुन्हा रडला...

धुळ्याहून बदली होऊन मी जळगावात आलो आणि नानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने उतरलो. म्हटलं, दोन वर्षं काढू. निवृत्त होईपर्यंत हललो नाही. नाना शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टी लागली की यावलच्या केळीत जाऊन बसत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला शेतात भरिताला नेलं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला, आणि वांग्यांना टोचे मारायचं सोपं काम माझ्याकडे आलं. मी गप्पांत रमलो. न टोचलेलं एक वांगं फुटलं ते थेट नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. त्यांनी तो डाग चित्रकाराच्या नजरेने नीट न्याहाळला आणि एवढंच म्हणाले, “धुळ्यात वांगी नाहीत का रे बापा?” पुढच्या दर हिवाळ्यात मला जाळापासून लांब, बांधावर बसवण्यात येई, आणि ताट मात्र सगळ्यांत आधी माझ्या हातात येई.

पण मला जळगाव आठवतं ते उन्हाळ्यातलं. दिवसभर भट्टीसारखं तापलेलं गाव संध्याकाळी हळूहळू मऊ होई. गच्चीवर पाणी शिंपडलं की फरशीतून वाफ निघे, मग दोन खाटा पडत, एक नानांची, एक माझी. मध्ये माठ. नाना बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोपत, आणि उरलेलं वाक्य मी चांदण्यात शोधत पडे. लांब मालगाडी चाललेली असे, संपता संपत नसे... पुण्यात इतकी वर्षं झाली, तरी अर्धवट झोपेत तहान लागली की माझा उजवा हात त्या माठाकडे जातो आणि भिंतीवर आपटतो.

जळगाव सोडलं ती हकीकत आमच्या गल्लीत अजून सांगतात. बायको सामानाच्या ट्रकबरोबर पुढे गेली होती. मी मागे राहून सगळ्यांचे निरोप घेतले, दोन हार, एक शाल आणि शेवभाजीचा डबा घेऊन स्टेशनवर आलो. फलाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. डोळे भरलेले, नाक वाहत होतं. मी एका गाडीत चढलो. नानांनी बॅग आत दिली. गाडी हलली तसा त्यांनी हात हलवला, दिसेनासे होईपर्यंत हलवत राहिले. वाघूरचा पूल आला तेव्हा मला कळलं की मी पुण्याला नव्हे, भुसावळला चाललोय. संध्याकाळी गळ्यातला हार पिशवीत कोंबून परत आलो, तर गच्चीवर माझी खाट घातलेली, माठ भरलेला. नाना म्हणाले, “ये. शेवभाजी उरली का?” मला वाटलं, काय हा अंतर्ज्ञानी माणूस.

यावेळी मी खरं तर गावाचाच निरोप घ्यायला आलो होतो. नाना नाहीत म्हणजे जळगावात माझी खाट नाही, असा सरळ हिशोब. दुपारी जुन्या रस्त्यांवरून हिंडलो. मेहरूणच्या तलावावर ऊन पेंगत होतं. ओळखीची दुकानं अनोळखी पाट्या लावून उभी होती, आणि मी एखाद्याच्या स्वप्नातून चालावं तसा, कुणाला न दिसता चाललो होतो. परत येऊन चहा घेताना वहिनींना म्हटलं, आता पुन्हा येणं व्हायचं नाही बहुतेक. नानांना आधी कळायचं मी येणार ते, त्या भुसावळच्या गाडीच्या वेळेसारखं.

वहिनींनी कप खाली ठेवला.

“भाऊजी, गाडी भुसावळची आहे हे त्यायनं पाह्यलं होतं. घरी येऊन मले म्हने, बसू दिला त्याले. एक रात तरी अजून राह्यला पाहिजे. लय बोल लावला मी त्यायले.”

दिसेनासा होईपर्यंत हलणारा तो हात... मनात हसत असणार म्हातारा.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, गाडी विचारून बसा, सांगायला आता कुणी नाही. मी हो म्हटलं. स्टेशनवर फलाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. माझी पुण्याची कुठली हे मला स्वच्छ कळत होतं, पाटीही वाचली होती. तिच्या दारापाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. मग वळलो आणि समोरच्या गाडीत चढलो.

वाघूरच्या पुलावर पाण्यात ऊन सांडलं होतं. मी फोन लावला.

“वहिनी, पुन्हा चुकलो. भुसावळला चाललोय.”

पलीकडून त्या म्हणाल्या, “खाट मघाशीच टाकली गच्चीवर. पण आज तर तुम्हाले कोनी फसवलं नाही ना? मंग त्यायले मी उगाच बोल लावला, भाऊजी. तुम्ही मुळातच येडे.”