वाल्मिकने निवडलेला कामठा

कडावच्या वाल्मिकला लोक सरळ माणूस म्हणत. भातशेती नीट, बोलणे मोजके, बांधावरून कुणाशी कधी तंटा नाही. बेचाळीस वर्षे त्याने हे नाव सांभाळले. मग एका सकाळी ते गेले. गावाला त्याचा पत्ताही लागला नाही.

एकसष्ट सालचा माघ होता. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पारध निघे. हाकारे ओरडत रान उठवत, आणि रानडुकराला ज्याचा बाण आधी लागेल त्याच्या दारात डुकराचे मुंडके वाजतगाजत जाई. वाल्मिक आजवर हाकाऱ्यांतच फिरलेला. या वर्षी त्याला नाल्याच्या तोंडाशी, बाण मारणाऱ्यांत उभे राहायचे होते. त्यासाठी कामठा हवा होता. बांबूचे हे धनुष्य सगळा गाव डोंगरालगतच्या वाडीतल्या कमळ्या कातकऱ्याकडून घेई.

वाल्मिक शेजारच्या पोपटला घेऊन वाडीवर गेला. कमळ्याच्या झोपडीत सात-आठ कामठे आडव्या वाशाला टांगलेले होते. वाल्मिकने त्यातल्या सगळ्यांत जाड कामठ्याला हात घातला.

"थांबा दादा," कमळ्या म्हणाला. "आदी माणूस बघायचा, मंग कामठा."

त्याने वाल्मिकचा हात पसरायला लावून छातीपासून बोटापर्यंत दोरीने माप घेतले. जाड कामठा ओढून धरायला लावला. चौथ्या श्वासाला वाल्मिकचा दंड थरथरू लागला.

"ह्यो नाय तुमच्याजोगा. त्यो बारका घ्या."

"बारका पोरांना दे," वाल्मिक म्हणाला.

कमळ्याने वाद घातला नाही. पळसाच्या पानाला बोटाने भोक पाडून ते त्याने वाल्मिकच्या हातात दिले. "हात लांब धरा. दोनी डोळं उघडं ठेवून भोकातून त्या सागाचा शेंडा बघा. दिसला? आता उजवा डोळा मिटा."

शेंडा होता तिथेच होता.

"आता उजवा उघडा, डावा मिटा."

भोकात नुसते आभाळ उरले.

"गेला ना शेंडा?" कमळ्या म्हणाला. "तुमचा डावा डोळा मालक हाय. लई जणांचा असतो. कामठा उजव्या हातात धरा नि दोरी डाव्यानं वढा. बाण सरळ जाईल."

पोपट खदखदून हसला. "धुवायच्या हातानं शिकार? आणि वाटा आला की खाणार कंच्या हातानं, दादा?"

वाल्मिकचे कान तापले. "गेला कुठं शेंडा? दिसतो की," तो म्हणाला. "डावा मिटला तरी दिसतो."

कमळ्याने त्याच्या हातातले पान काढून घेतले. "तुमी म्हणता दिसतो, तर दिसतो," तो म्हणाला आणि जाड कामठा काढून दिला.

पारधीच्या दिवशी डुक्कर करवंदीच्या जाळीतून थेट वाल्मिकसमोर आले. त्याने उजव्या हाताने दोरी ओढली. दंड थरथरला. बाण डावीकडे गेला. जाळीच्या कडेने हाकाऱ्यांत कमळ्या येत होता. बाण त्याच्या पोटरीत घुसला. डुक्कर नाला ओलांडून गेले.

कुणी काही विचारायच्या आत वाल्मिक बोलला, "कामठाच वाकडा हाय. वाकडा माल गळ्यात मारला ह्यानं."

"मंग आपल्याच मालाची चव बघितली की!" पोपट म्हणाला. माणसे हसली. कमळ्या पोटरी दाबून खाली बसला होता. तो काहीच बोलला नाही. ते न बोलणे वाल्मिकच्या अंगाला चिकटून राहिले, ओल्या कपड्यासारखे.

त्यानंतर कमळ्याकडून कुणी कामठा घेतला नाही. पाय अधू झाल्याने त्याला मजुरीही जमेना. त्याची बायको सोमी मोळ्या डोक्यावर घेऊन कर्जतच्या बाजारात विकायला जाऊ लागली. वाटेत ती दिसली की वाल्मिक बांधावरून उतरून शेतात काहीतरी शोधू लागे.

वैशाखात एकदा भर दुपारी तो कामठा मोडून चुलीत घालायला निघाला. पण पेंढ्याच्या उडवीमागे पोचल्यावर हात थांबले. त्याने उडवीला एक गोवरी टेकवून ठेवली आणि दोरी डाव्या हाताने ओढली. हाताला सवय नव्हती, दोरी अर्धीच आली. तरी बाण गोवरीत बसला. दुसराही. तिसरा बाण त्याने लावलाच नाही.

त्याची बायको आनंदीबाई शेणाची पाटी घेऊन मागे उभी होती.

"म्हंजी कामठा सरळ व्हता," ती म्हणाली.

त्याने तिला सगळे सांगितले. पानातल्या भोकाचेही.

"मला सांगून काय उपेग? गावाला सांगा. त्याचा धंदा बसलाय तुमच्यापायी."

लावणी झाली की सांगू, असे तो म्हणाला. मग कापणी झाली की. मग पुन्हा माघ आला, आणि पारधीचे ठरवायला माणसे देवळासमोर जमली. कामठे या खेपेला साजगावकडून आणू, असे पोपट म्हणत होता. कमळ्याही आला होता, कडेला चिंचेखाली, काठी मांडीवर आडवी ठेवून.

वाल्मिक उठला. दोन वाक्ये त्याने रात्रंदिवस घोकली होती, एक कामठ्याचे आणि एक स्वतःच्या खोट्याचे.

"कमळ्याचा कामठा वाकडा नव्हता," तो म्हणाला.

मग पोपट म्हणाला, "बघा रं, ह्याला म्हणत्यात मन. ज्यानं फसवलं त्याचीच बाजू घेतोय."

"फसवलं नाय रं. मी—"

"बसा दादा, बसा. तुमचा शबूद आमाला बास. घेतो आमी त्याच्याकडून. काय रं?"

माणसांनी माना हलवल्या. दोघातिघांनी तिथल्या तिथे कमळ्याला कामठे सांगितले. कुणीतरी सरकून वाल्मिकला घोंगडीवर जागा करून दिली. कमळ्याचे काम झाले, आता दुसऱ्या वाक्याची गरज कुठे आहे, असे त्याच्या मनाने त्याला सांगितले. ते त्याला लगेच पटले. इतक्या लगेच पटले याचीच त्याला किळस आली. तो बसला.

कमळ्या काठी टेकत त्याच्याजवळ आला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "तुमचं अजून येक बोलायचं ऱ्हायलं, दादा."

वाल्मिकला त्याच्याकडे बघवले नाही. त्याने तळहातावर तंबाखू काढली आणि हात पोपटपुढे केला.

"चुना दे रं," तो म्हणाला.