बी.ए. सेकंड इयर

बाबा फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि मोर्शीला आमच्या संत्र्याच्या बागेत येऊन राहिले. पेन्शन होती, दवाखान्याचं कार्ड होतं, कॅन्टीनचं साबण-तेल होतं. फौजीच्या घराला काय कमी, असं लोक म्हणायचे. कमी काय होतं ते मागच्या खोलीत बसलेलं असायचं. माझा धाकटा भाऊ. वय वाढत गेलं, पण समज चार वर्षांच्या पोराएवढीच राहिली. वरून फिट यायच्या.

मला पाहायला पाव्हणे येऊ लागले, तेव्हा पंचाईत झाली. भाऊ असा आहे म्हटल्यावर कोण करणार होतं सोयरीक? मग बाबांनी त्याला कवायतीसारखं शिकवलं. पाव्हण्यांनी ‘काय करता?’ विचारलं की उठायचं, टाचा जुळवायच्या, छाती पुढं काढायची आणि सांगायचं, ‘बी.ए. सेकंड इयर, सर.’ लगेच आत निघून जायचं. बरोबर जमलं की बाबा त्याच्या तळहातावर लिमलेटची गोळी ठेवायचे. महिनाभरात त्याला पक्कं पाठ झालं. मी लग्न होऊन अकोल्याला, जठारपेठेत आले. पहिल्या दिवाळीला नवऱ्याला खरं कळलं. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. पुढे त्यालाच माझ्यापेक्षा भावाचा लळा लागला.

फौजीच्या पोराचं नाव पंचविशीनंतर कार्डातून गळतं. पोरगा मतिमंद असला तर गळत नाही, फक्त सरकारी दवाखान्याचा दाखला द्यावा लागतो. बाबांनी तो काढलाच नाही. एकदा कागदावर आलं की गावभर होतं, म्हणायचे. अहो, माझं लग्न झालं होतं, आता कोणाची लाज? पण मी तरी काय दिवे लावले? सासरी चारचौघांत मीही ‘भाऊ शेती पाहतो’ असंच सांगत राहिले. फिटच्या गोळ्या खाजगी डॉक्टरकडून आणायचो आणि चिठ्ठी फाडून टाकायचो. बाबा गेले. त्यांच्या मागे मायला अर्धी पेन्शन सुरू झाली, त्यावर दोघं मायलेकरं जगत होती.

यंदा मायच्या किडन्या गेल्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता दिवस मोजायचे. मायच्या मागे ह्याचं काय? मी ठेवून घेईन, पण माझंही वय झालंय, मी मेल्यावर?

तशीच माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. टेबलामागचा बाबू स्वतः फौजी होता, चांगला बोलला. म्हणाला, अशा मुलाला आईच्या पश्चात जन्मभर पेन्शन मिळते, कार्डही मिळतं. दाखल्यासकट अर्ज आई असताना दाखल झाला तर काम सरळ आहे. नंतर मात्र कोर्टातून पालकत्व घ्या, चौकशा होतील, वर्षं जातील. मी दवाखान्यात येऊन अर्जावर मायचा अंगठा घेतला. शाई पुसता पुसता तिनं माझं मनगट धरलं.

“मी जाऊन राहिली, बाई. त्याले कागदावर आण.”

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात दाखल्याच्या रांगेत उभी राहिले. त्यानं बाबांचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. कानाजवळचे केस पांढरे झालेत आता त्याचे. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी नाव विचारलं, त्यानं नीट सांगितलं. मग विचारलं, काय करता?

तो उठला. टाचा जुळवल्या.

“बी.ए. सेकंड इयर, सर.”

आणि वळून दाराबाहेर निघून गेला. मी त्याला धरून आणलं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. जुने कागद मागितले. शाळेचा, दवाखान्याचा, एखादा तरी. एकही नव्हता. आमच्याच हातानं आम्ही एकही ठेवला नव्हता. कागद नाही तर बुद्धीची चाचणी केल्याशिवाय सही करता येत नाही, म्हणाले. मी भांडले, रडले, पायाही पडले. खूप करून त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

ऑटोत बसलो. राजापेठेच्या गर्दीत अडकलो, तर ह्यानं माझ्यापुढे तळहात धरला. पहिल्यांदा मला कळेना. मग कळलं आणि असा राग आला, की हात झटकूनच टाकला मी त्याचा. तो तळहात मांडीवर उघडाच ठेवून बाहेर पाहत बसला.

दवाखान्यात पोचलो तशी मायनं विचारलं, झालं का? खोटं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. तो खाटेपाशी सावधान उभा होता, तळहात अजून पुढंच.

“गोळी दे त्याले,” माय म्हणाली. “त्यानं तर बरोबरच सांगतलं.”

मी खाली जाऊन टपरीवरून लिमलेटच्या गोळ्या आणल्या. एक त्याच्या हातावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी माय गेली. अर्ज माझ्या पर्समध्येच होता. खाली तिचा अंगठा होता, आणि दाखला जोडायची जागा रिकामी होती.