कनवटीत न मावणारा फोन

मोठ्या फोनांचा मला राग येतो. साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकात जाणारा. बसमध्ये एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातात पाटीएवढा फोन सावरणारा माणूस दिसला की वाटतं, पडू दे एकदाचा. हा राग कुठून आला ते मला नीट माहीत आहे.

माझ्या सासूबाई तंजावरकडच्या मराठी. घरात सगळे त्यांना अम्मा म्हणतात. लग्न होऊन मी नाशिकहून चेन्नईला आले तेव्हा त्यांचं मराठी मला अर्धं कळायचं नाही, पण त्यांची कनवटी पहिल्याच दिवशी कळली. नऊवारीच्या त्या कमरेच्या घडीत किल्ल्या असत, सुपारी असे, देवळातल्या कुंकवाची पुडी असे आणि पुढे पुढे बटणांचा एक छोटा फोनही. साबणाच्या वडीएवढा. दोनचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. चष्मा नको, दुसरा हात नको. मी आणि नवरा दिवसभर पेरुंगुडीला ऑफिसात, अम्मा मैलापूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या. "मला राखायला कुणी आणू नका," एवढं एकच मागणं होतं त्यांचं, आणि त्या फोनच्या जिवावर ते आम्ही पाळत होतो.

मग परदेशातून धाकटे दीर आले. वर्षातून दहा दिवस येतात, उरलेलं वर्ष उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांनी अम्मांसाठी फोन आणला होता. भलामोठा, काचेचा, कडा गुळगुळीत.

"वहिनी, अक्षरं बघा केवढी दिसतात! आणि मला रोज तिचा चेहरा दिसेल."

अम्मांनी तो दोन्ही हातांत आरतीच्या तबकासारखा धरला. संधिवातानं त्यांची बोटं वाकलेली. अंगठा काचेच्या मध्यापर्यंतसुद्धा पोचेना.

"नक्को रे," त्या म्हणाल्या. "माझं जुनं आहे की. पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. अम्मा असं म्हणाल्या की घरातला कुठलाही विषय संपायचा. त्या दिवशी संपला नाही. दिरांनी ऐकलं नाही, नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं नाही, आणि जुन्या फोनातलं सिम मी काढलं, माझ्याच नखानं. मला वाद घालायचा कंटाळा आला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

अम्मांनी तो फोन कनवटीला लावून पाहिला. बसलं की पोटात रुतायचा, वाकलं की निसटायचा. दोनदा फरशीवर आपटल्यावर त्यांनी तो ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून फ्रिजवर ठेवला. रोज सकाळी खाली काढायचा, मुलाला चेहरा दाखवायचा, पुन्हा वर. मी हे रोज बघत होते आणि डबा भरून ऑफिसला जात होते.

एका दुपारी त्यांनी फोन उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा केला. शेवटी ऑटोत बसले आणि वाटेतही करतच राहिले. दार उघडलं तर अम्मा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या, आणि फ्रिजवर त्यांचा फोन माझ्याच कॉलनं वाजत होता.

"ऐकू येत होतं गं," त्या म्हणाल्या. "दर वेळी ऐकू येत होतं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात दिरांचा व्हिडिओ कॉल आला. चौकशी झाल्यावर म्हणतात, "एवढा चांगला फोन दिला होता, जवळ का नाही ठेवला तिनं?"

"कुठे ठेवायचा होता भाऊजी? डोक्यावर?" मी इतक्या जोरात ओरडले की नर्स आत आली. फोन मी बंद केला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

जुन्या फोनची बॅटरी खणात पडून पडून फुगली होती. तसाच दुसरा शोधायला मी जॉर्ज टाउन पालथं घातलं. दुकानदार हसले, म्हणाले, हे आता कोण वापरतं? एकाकडे मिळाला. दोनच्या बटणावर माझा नंबर घातला आणि घरी आलेल्या अम्मांच्या हातात ठेवला. त्यांनी न बघता अंगठ्यानं दोनचं बटण चाचपलं. चेहरा खुलला. मग हात सवयीनं कमरेकडे गेला.

अंगात सैल गाऊन होता. नऊवारी डॉक्टरांनी बंद केलेली. हात थोडा वेळ त्या कापडावर इकडे तिकडे फिरला आणि थांबला. कोपऱ्यात खुर्चीवर आम्ही दिवसभरासाठी ठेवलेली बाई मोबाइल बघत बसली होती.

अम्मांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"तूच ठेव," त्या म्हणाल्या. "आता ही असते की."